हाक मारून आत येणारा हिरो

मी गेम बनवते असं सांगितलं की माणसं आधी माझ्या केसांकडे बघतात. केस पांढरे, नाकावर जाड चष्मा, अंगावर सुती साडी आणि धंदा कॉम्प्युटर गेमचा, हे गणित त्यांना सुटत नाही. मध्यंतरी एका लग्नात शेजारच्या बाईंनी विचारलं, "गेम म्हणजे भातुकलीचे वगैरे का हो?" मी म्हटलं, "नाही, राक्षस मारायचे." त्या जरा सरकून बसल्या.

खरं तर मी क्लासची बाई. तळेगावात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. निम्म्या गावाला मराठी टायपिंग आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं मी शिकवली. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझी बाकं रिकामी झाली. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना गुंतवून ठेवायला म्हणून गेम बनवण्याचं एक सॉफ्टवेअर आणलं, अगदी नवशिक्यांसाठी असतं तसलं. मुलं सुट्टी संपल्यावर शाळेत गेली, मी मात्र गुंतले ती गुंतलेच. क्लास बंद झाला, पाटी उतरवली, आणि त्याच खोलीत मी गेम करायला बसले.

आमचा धंदा बाहेरच्यांना अवघड वाटतो, तेवढा तो नाही. मी करते ते रोल प्लेइंग गेम, म्हणजे सोंग घेण्याचा खेळ. खेळणारा हिरो होतो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, त्यांची कामं करतो, अंगात बळ आणतो आणि शेवटी एका मोठ्या संकटाला भिडतो. सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचे चौकोनी तुकडे तयार मिळतात. गवताचे, पाण्याचे, रस्त्याचे. फरशी बसवावी तसे ते बसवत जायचे. मग त्यावर माणसं उभी करायची आणि प्रत्येकाला बजावून ठेवायचं, की हिरो समोर आला की तू हे बोल. हिरोने तुझं काम केलं असेल तर हे बोल, नसेल तर ते. काम झालं की नाही हे लक्षात ठेवायला 'स्विच' असतो. आपल्या भिंतीवरच्या बटणासारखाच, एक तर चालू नाही तर बंद. एवढं समजलं की कुणालाही गेम करता येतो.

चांगला गेम करता येतो की नाही, ही गोष्ट वेगळी, आणि तिथे मी जरा ताठ मानेने बोलते. चहा गार व्हायच्या आत खेळणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे. हिरोला काय हवंय ते पहिल्याच पडद्यावर कळलं पाहिजे. आणि कुणीही लांबलचक बोलायचं नाही. माझ्या गेममध्ये राजासुद्धा दोन ओळींत आटोपतो. खऱ्या आयुष्यात ही सोय नाही, म्हणून गेममध्ये मी ती सोडत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटतात. लोणावळ्याचे एक चिक्कीवाले आले होते. दुकानात आई-बाप खरेदी करत असताना पोरांनी खेळायला गेम हवा, आणि हिरोला ताकद फक्त चिक्की खाऊन यावी. एवढं मी मान्य केलं. मग हळूच म्हणाले, "शेवटचा राक्षस जरा आमच्या समोरच्या दुकानदारासारखा करता का?" मी म्हटलं, "शिंगं हवी तेवढी देते, मिशा नाही देणार." गेम इतका जमला की पोरं दुकानातून हलेनात आणि नवी गिऱ्हाइकं दारातच अडकायला लागली. महिन्याभरात त्यांनी तो बंद केला. माझ्या कामाला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती, असं मी मानते.

पण सांगायचं आहे ते आबांच्या गेमबद्दल.

दत्तात्रय हा माझा जुना विद्यार्थी. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मॅडम, आमच्या आबांसाठी एक गेम करून द्याल?"

आबा म्हणजे त्याचे वडील. वय ऐंशीच्या आसपास. आंदर मावळात अगदी आत, एसटी जिथून माघारी वळते त्याच्याही पुढे त्यांचं गाव. जन्मभर भातशेती केली. बायको गेल्यावरही एकटे राहिले, रोज खाचरात जात राहिले. भाताच्या त्या बांध घातलेल्या शेतांना खाचरं म्हणतात. मग एकदा बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि दत्तात्रयने त्यांना तळेगावात, स्वतःच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं.

"लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बसायला बाकडी आहेत," तो म्हणाला. "पण आबा खोलीतून बाहेर येत नाहीत. चालायची काठी दिली, नवी चप्पल आणली, ती अजून खोक्यात आहे. डॉक्टर म्हणतात, चालले नाहीत तर पाय आखडेल आणि मग कायमचे अंथरुणावर. माझी बायको रेश्मा रोज विनवते. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. चिडतसुद्धा नाहीत हो." मग म्हणाला, "मला वाटलं, टीव्हीवर गावात फिरले तर निदान उठून बसतील."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की गेम म्हणजे औषध नाही. पण काम घेतलं. म्हाताऱ्या माणसासाठी गेम कुणी मागितला नव्हता, आणि आपल्याला तो जमेल याची मला खात्री होती.

दत्तात्रयबरोबर गावाला जाऊन आले, फोटो काढले. सॉफ्टवेअरमध्ये बर्फाची गावं तयार होती, किल्ले होते, पिवळ्या केसांचे हिरो होते. भाताचं खाचर कुठे असणार! चिखल मी स्वतः काढला. पेंढ्याच्या उडव्या काढल्या, गोठे काढले, देवळापुढचा पिंपळ काढला. हिरोला धोतर नेसवलं. डोंगरावरचा राक्षस गावाचं पाणी अडवून बसलाय आणि हिरो त्याच्यावर चालून जातो, अशी गोष्ट रचली. मला स्वतःला तो गेम फार आवडला होता.

दाखवायला गेले तेव्हा आबांना धरून हॉलमध्ये आणलं होतं. दत्तात्रयची मुलगी सई पाचवीत होती. तिने टीव्ही जोडला आणि आबांच्या हातात खेळायचा रिमोट दिला. पडद्यावर गाव आलं. आबा बघत राहिले.

"ह्यो आपला पिंपळ व्हय?" ते म्हणाले.

दत्तात्रयने माझ्याकडे असं बघितलं की मी फुशारले. सईने बटणं दाखवली. आबांचा अंगठा जाड, बटण लहान, पण हिरो चालायला लागला. सई म्हणाली, "आबा, त्या घरात शिरा, आत पेटी आहे." हिरो घरात शिरला, कोपऱ्यातल्या पेटीपुढे उभा राहिला, पेटी उघडली. टुणटुण वाजलं आणि अक्षरं उमटली, 'औषधी मुळी मिळाली!'

आबांनी रिमोट खाली ठेवला.

"ह्ये घर कुनाचं?"

"ठकूबाईंचं, आबा," दत्तात्रय म्हणाला. ठकूबाई म्हणजे त्यांच्या गावातल्या शेजारीणबाई.

"आन् ह्यो गडी कोन?"

"हा हिरो. म्हणजे तुम्हीच," मी म्हटलं.

"मी?" आबांचा आवाज चढला. "मी पायताणासकट ठकूबाईच्या घरात शिरलो? हाक न्हाई, इचारनं न्हाई, आन् तिची पेटी उघडली? ती पेटी तिच्या म्हायेरची हाय. तिच्या सुनंनं बी कदी हात लावला न्हाई. अवो म्याडम, चोर केला की तुमी मला!"

मला हसू आलं, ते मी गिळलं. जगातल्या असल्या सगळ्या गेममध्ये हिरो कुणाच्याही घरात घुसतो, पेट्या उघडतो, मडकी फोडतो. मडकी फुटल्याचा आवाजसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. चिक्कीवाल्यांच्या गेममध्येही माझा हिरो घरोघरी हात मारत होता आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आबा सईचा खांदा धरून खोलीत गेले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी निघाले तेव्हा मान खालीच होती. लिफ्टपाशी दत्तात्रय म्हणाला, "मॅडम, आबा चिडले! किती महिन्यांनी चिडले!" त्याचा चेहरा फुलला होता.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले आणि थेट आबांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आबा, मग घरात जायचं कसं ते तरी सांगा."

 आबा भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हाक मारायची."

"काय म्हणून?"

"कोन हाय का घरात, म्हनून."

"आणि मग?"

"मंग थांबायचं. आतलं मानूस येईस्तवर."

"आबा, गेममध्ये थांबायला लावलं की मुलं गेम बंद करतात. हा माझा धंदा आहे, मला ठाऊक आहे."

"तुमचा धंदा तुमी बगा. दाराचं आमाला इचारलंसा, आमी सांगितलं." मग कूस वळवून माझ्याकडे बघितलं. "आतनं भांड्याचा आवाज येऊ द्या. म्हंजी भाईरच्याला कळतंय, मानूस हाय, येतंय. मंग थांबायला काय वाटत न्हाई."

हे मला पटलं. थांबायला लागतं याचा राग येत नाही, कुणी येणार आहे की नाही हे न कळण्याचा राग येतो. मी प्रत्येक दारात हिरोला थांबवलं, वहाणा काढायला लावल्या. बटण दाबलं की हाक, मग भांड्याचा आवाज, मग घरधनीण दारात. हाक मात्र कुणाच्या आवाजात घ्यायची? फोन पुढे धरला आणि आबांनाच म्हटलं, मारा. पलंगावर बसून त्यांनी अशी हाक मारली की रेश्मा स्वयंपाकघरातून धावत आली.

त्यानंतर मी दर आठवड्याला जाऊ लागले. आबा उठून बसायचे, भांडायचे आणि मी गेल्यावर परत आडवे व्हायचे. खोलीबाहेर पाऊल नाही. पाय आखडत चालला होता. दत्तात्रय मला काही बोलत नसे, पण प्रत्येक वेळी लिफ्टपाशी माझा चेहरा वाचायचा.

भांडणं मात्र खरी व्हायची. पुढच्या वाडीचं अंतर खरंखुरं दाखवा, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, एवढं चाललं तर खेळणारा झोपेल. ते नमले. मग राक्षसावर गाडी आली. "पानी आडवायला राक्षेस कशाला लागतोय? एक बांध फुटला की समदं खाचर रिकामं," ते म्हणाले. या वेळी मी नमले. राक्षस काढून टाकला. बांध फुटलाय, पाणी निघून चाललंय, रोपं उपटून ठेवलीत आणि त्याच दिवशी लावणी झाली नाही तर वाळणार. एकट्याने काही होणार नाही. मग हिरोने गावाला हाक घालायची. याला इर्जिक म्हणतात. एका घराचं काम झेपेनासं झालं की सगळं गाव त्याच्या शेतात उतरतं. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं, आणि उद्या दुसऱ्याच्या हाकेला आपण जायचं.

तिथे आमचं खरं जुंपलं. हिरो आधी गावभर लोकांची कामं करणार. कुणाचा चारा आणून देणार, कुणाची म्हैस शोधणार. त्याबद्दल त्याला काय मिळणार?

"काय न्हाई," आबा म्हणाले.

"असं चालणार नाही. काम केलं की काहीतरी हाताला लागलंच पाहिजे. नाहीतर कोण खेळेल?"

"इर्जिकीला काय घ्येत न्हाईत."

"मग गेम पडेल, आबा."

"पडू द्या."

मी तणतणत उठले. दारात पोचले तर मागून आवाज आला, "मंगल, च्या पिऊन जा."

पहिल्या दिवशी मी 'म्याडम' होते. मधे कधीतरी 'बाई' झाले. त्या दिवशी 'मंगल'. चहा पिऊन निघाले तर रिक्षा करायचं भानच राहिलं नाही, घरापर्यंत चालत गेले. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारली, एवढ्यानेच मी खूश होते. दारात कुलूप काढताना एकदम उमगलं, की आपल्या हाताला लागलं ते हेच.

मग सगळं भराभर सुटत गेलं. खेळणाऱ्याने सुरुवातीला आपलं नाव घालायचं. पण नवा माणूस गावात आला की त्याला सगळे 'पावणं' म्हणतात. एखाद्याचं काम केलं, की त्या घरातलं माणूस त्या दिवसापासून नावाने हाक मारतं. "सई, कुटं निगालीस?" बस, एवढंच. एका माणसामागे एक स्विच. बंद असला तर पावणं, चालू असला तर नाव. आणि बांध फुटल्यावर तुम्हाला नावाने ओळखणारेच तेवढे येतात. बाकीचे रागावत नाहीत, टोमणे मारत नाहीत, नुसते येत नाहीत. नवशिक्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत साध्या सोयीवर अख्खा गेम उभा राहिला. मला माझ्या हुशारीचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र अजून सलते. त्या गावातली कितीतरी घरं आता बंद आहेत. माणसं पुण्याला, पिंपरीला गेली. मला वाटलं, गेममध्ये तरी सगळी उघडी ठेवू. आबांचं घर तर नक्कीच. आबा म्हणाले, "खोटं नगं. हाक मारू द्या. आतनं भांडं न्हाई वाजलं, की कळंल ज्येचं त्येला. माझ्या घराला बी तसंच ठेव." मी तसंच ठेवलं. स्वतः तपासताना त्या दारात हिरोला उभा करून हाक दिली. त्यांच्याच आवाजातली हाक त्यांच्याच घराला, आणि आत काही वाजलं नाही. मला रडू आलं. हे घर तेवढं उघडून टाकायला हवं होतं, असं आजही वाटतं.

गेम तयार झाला. सईने सोसायटीतली पोरं गोळा करून हॉलमध्ये तो लावला. पहिल्यांदा सगळ्यांनी तक्रार केली, की काम केलं आणि काहीच मिळालं नाही. मग एकाला ठकूबाईंनी नावाने हाक मारली आणि बाकीच्यांचा जीव वर-खाली व्हायला लागला. मला का नाही म्हणत? मी काय करू? अडले की सई त्यांना आबांकडे पाठवायची. आबा पलंगावरूनच खेकसायचे, "आरं, म्हस आशी वडायची न्हाई, तिच्यापुडं चाल!" पोरांनी तो गेम आपापल्या घरी नेला. पुढे मी तो विकायलाही ठेवला. मराठीचं एक अक्षर न समजणारी माणसं आज कुठे कुठे बसून दाराबाहेर थांबतात, भांडं वाजायची वाट बघतात. पण तेव्हा आबा खोलीतच होते. मी मनातून हार मानली नव्हती, दत्तात्रयने मानली होती.

शेवटी एक लहानशी चूक दुरुस्त करायला मी त्यांच्याकडे गेले होते. म्हैस गोठ्यात न जाता देवळात जाऊन उभी राहत होती. दुपारची वेळ, दत्तात्रय सुट्टीवर, सई माझ्या शेजारी, रेश्मा स्वयंपाकघरात. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. घंटी वाजली नाही. बाहेरून चार-पाच आवाज एकदम आले, आबांच्याच चालीत,

"कोन हाय का घरात?"

सोसायटीतल्या त्या दाराला तशी हाक कुणी कधी मारली नव्हती. रेश्मा पदराला हात पुसत निघाली, मी हातानेच तिला थांबवलं. सईला वाटलं गंमत आहे, तीही उठू लागली, तिचा हात मी घट्ट धरला. बाहेर पोरं गप्प उभी होती. आत येत नव्हती. गेमने शिकवल्याप्रमाणे थांबली होती.

आबांच्या खोलीत काही हललं नाही. दत्तात्रय स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकला होता, त्याने डोळे मिटून घेतले.

मग खोलीतून भांड्याचा आवाज आला. आबांनी तांब्यावर पेला वाजवला होता.

आणि मागोमाग काठी वाजली. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. भिंतीला धरून, थांबत थांबत आबा हॉलमधून आमच्या समोरून दारापर्यंत गेले. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दार उघडलं. बाहेर सोसायटीतली पोरं उभी होती, कोपरापर्यंत चिखलाने भरलेली.

"या की आत," आबा म्हणाले. "चपला भाईर काडा."

"आत नाही यायचं, आबा," त्यातली एक मुलगी म्हणाली. "आम्ही खाली बागेत खाचर केलंय. त्याचा बांध फुटला. सगळं पाणी चाललंय. इर्जिक आहे."

आबा क्षणभर त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मग मान मागे वळवून घरात ओरडले, "सई! माजं पायताण कुटं ठिवलंय?"

दत्तात्रयने कपाटावरचा खोका काढला.